परतल्यावर काय उरतं?

कळफलकावरून हात बाजूला घ्या. पडद्यावर क्लोजर या भाषेतलं एक छोटं फंक्शन आहे. व्हेक्टरमध्ये आकडे, मध्येच आणखी एक व्हेक्टर, त्याच्याही पोटात आकडे. या साऱ्यांची ते बेरीज करतं. ते बदलायचं आहे. पण आधी नुसतं वाचा, सावकाश.

आकडा आला तर तोच उत्तर. व्हेक्टर संपला तर शून्य. नाहीतर पहिल्या घटकाची बेरीज अधिक उरलेल्यांची बेरीज. फंक्शन स्वतःलाच दोनदा हाक मारतं. त्यातल्या पहिल्या हाकेमागे आत उतरा. आकडा लागला की मागे फिरा. त्या वळणावर थांबा. परतल्यावर काही काम उरलंय का?

उरलंय. बेरीज अजून व्हायचीय. म्हणून त्या हाकेच्या जागी रिकर, म्हणजे स्टॅक न वाढवता स्वतःलाच मारायची हाक, लिहिलं तर कंपायलर नकार देतो. क्लोजर ज्यावर चालते ते जेव्हीएम शेवटच्या हाकेलाही स्टॅक वाचवून देत नाही. म्हणून २००७ साली रिच हिकी यांनी आणलेल्या या भाषेत रिकर उघडपणे लिहावं लागतं, आणि मागे काही काम उरलं नसेल तरच ते चालतं. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. आपण कुठे काय मागे ठेवून आलो, हे तो तिथल्या तिथे दाखवतो.

आता लाखभर आकड्यांचा सपाट व्हेक्टर डोळ्यांसमोर आणा. खोली काहीच नाही, तरी सहसा स्टॅक भरून वाहतो, कारण ‘उरलेल्यांची’ हाकही मागे बेरीज ठेवूनच जाते. इथे क्लोजरचं तयार फंक्शन ट्री-सीक कामी येतं; व्हेक्टरात व्हेक्टर असलेली ही रचना ते झाड म्हणून पाहतं. फांदी कशी ओळखायची आणि तिची मुलं कोणती, एवढंच त्याला सांगायचं. चालणं त्याचं, आकडे गाळून घेणं आणि बेरीज आपली. इतके दिवस एकाच ओळीत गुंतलेली ही दोन कामं वेगळी झालेली पाहा. बहुतेक झाडांना एवढं पुरतं.

झाड फार खोल असेल तर मात्र ट्री-सीकही थकतं. तेव्हा राहिलेल्या वाटांची यादी स्वतःच्या हातात धरा: वरचा घटक उचला, आकडा असेल तर बेरजेत मिळवा, व्हेक्टर असेल तर त्यातले घटक यादीवर ठेवा, आणि रिकर. आता ते चालतं. उरलेलं सगळं काम यादीत आहे, मागे काहीच नाही. भावंडांचा क्रम उलटू शकतो. बेरजेला त्याचं काही नाही, छापायचं असेल तर जपा.

मग जुन्या आणि नव्या फंक्शनला एकच व्हेक्टर द्या. बेरीज जुळेपर्यंत जुनं खोडू नका.