पांढरीच्या चार पाट्या

जुन्या घराच्या प्रेमाला भरतं यायचं असेल, तर त्या घरापासून निदान शंभर मैल लांब राहावं लागतं. सांगोल्याजवळच्या एका वस्तीवर आमच्या एका मित्राचं आजोबांच्या वेळचं घर आहे. हातभर रुंद दगडी भिंती, वर धाबं, दारात कडुनिंब. मित्र पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ‘घराचा एक दगड हलू देणार नाही’ असं तिथून बजावतो. घरात राहतात थोरले भाऊ आणि वहिनी. त्यांना हवाय स्लॅब.

आता खरं कुणाचं? आजोबांनी उन्हातान्हात रचलेले दगड एका दुपारी ट्रॉलीत भरून कुणाच्या तरी कंपाउंडाला लावायचे, हे मनाला बोचतंच. शिवाय धाब्याखाली मे महिन्यातही गारवा असतो. मित्र दाखलाही इंग्लंडचा देतो. बीट्रिक्स पॉटर या मुलांच्या लाडक्या लेखिकेनं 1905 मध्ये ‘हिल टॉप’ हे सतराव्या शतकातलं दगडी शेतघर विकत घेतलं. 1943 मध्ये ती वारली आणि ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं. आज लोक तिकीट काढून ते बघतात.

दाखला बिनतोड खरा. पण 1913 मध्ये लग्न झाल्यावर बाईंनी संसार थाटला तो जवळच्याच दुसऱ्या घरात, हे मित्र सांगत नाही! जपायचं घर एक, राहायचं दुसरं, ही चैन बाईंना परवडली. वहिनींना घर एकच आहे.

आणि धाबं म्हणजे काही आपोआप टिकणारी वस्तू नव्हे. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती चढवावी लागते. वहिनी एकदा म्हणाल्या, “भावजी, घर राखा म्हणताय, राखू की! पण मिरगाच्या आधी येऊन चार पाट्या पांढरीच्या तुम्हीबी चढवा. गळाय लागलं की भांडी मांडायला मी एकलीच असती.”

सांगोल्याला अशी वाटणी नवी नाही. 1750 साली इथंच झालेल्या करारानं छत्रपतींच्या राज्याचा कारभार पेशव्यांकडे गेला. नाव एकाचं, कारभार दुसऱ्याचा. पण त्या कारभाऱ्यांनी निदान कारभाराची दगदग तरी सोसली. आमचा मित्र हुकूम पुण्यातून सोडतो आणि गळती सांगोल्यात ठेवतो.

मला वाटतं, आठवणींवर हक्क सगळ्या भावंडांचा सारखा. छपरावर बोलण्याचा हक्क मात्र पाट्या मोजून द्यावा. मित्राला हे पटलं. मे महिन्यात रजा मिळत नाही, म्हणून तो दिवाळीत जाणार आहे.

दिवाळीत धाबं गळत नाही.