कृत्याला शिक्षा की कवटीला?

१७६४ साली इटलीतल्या लिव्होर्नोमध्ये एक छोटेखानी पुस्तक लेखकाच्या नावाविना छापलं गेलं. लेखक होता मिलानचा सव्वीस वर्षांचा चेझारे बेक्कारिया. दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये तुलूझला जाँ कालास या व्यापाऱ्याला मुलाच्या खुनाच्या आरोपावरून चाकावर हाडं मोडून मारलं होतं. त्याचं निर्दोषत्व जाहीर झालं ते मरणानंतर. अशा युरोपात बेक्कारियाने विचारलं, शिक्षा कशासाठी? झालेलं तर पुसता येत नाही. पुढचा गुन्हा टळावा एवढ्यासाठीच ती असेल, तर त्यापुरतीच द्यावी. धाक शिक्षेच्या क्रौर्याचा नसतो. ती चुकणार नाही, लांबणार नाही, या खात्रीचा असतो. कबुलीसाठी छळ केला तर धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराध अडकतो. देहदंडही नको. १७८६ मध्ये टस्कनीने तो रद्द केला, त्यामागे या विचाराचा मोठा वाटा होता. पण देहदंडाऐवजी बेक्कारियाने सुचवलेली जन्मभराची सक्तमजुरी वाचून माझ्या अंगावर काटा येतो.

बेक्कारियाच्या विचारातून निघालेल्या या अभिजात संप्रदायाला इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने अधिक काटेकोर केलं. बेंथमचा प्रभाव असलेल्या, भारतातल्या कायदा आयोगाच्या प्रमुख मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० ची भारतीय दंडसंहिता आली. तिचा पाया साधा होता: माणसाने काय केलं ते पाहा.

बेक्कारियानंतर सुमारे शंभर वर्षांनी तुरीनच्या चेझारे लोम्ब्रोझोने नजर कृत्यावरून माणसाकडे वळवली. व्हिलेल्ला नावाच्या कैद्याच्या कवटीत मागच्या बाजूला त्याला एक खळगा दिसला आणि काही माणसं जन्मतःच गुन्हेगार, उत्क्रांतीत मागे राहिलेली असतात, असा सिद्धान्त त्याने त्यावर उभारला. त्याचं गाजलेलं पुस्तक १८७६ चं. त्याचा शिष्य एन्रिको फेरी याने गरिबी, परिस्थिती, समाज ही कारणंही पुढे आणली, म्हणून या प्रत्यक्षवादी संप्रदायाला सरसकट मोडीत काढणं मला पटत नाही. कैदी सुधारू शकतो, दोघांना एकाच गुन्ह्यासाठी वेगळी वागणूक लागू शकते, या जाणिवेला त्यातून बळ मिळालं. कवट्यांचं शास्त्र मात्र टिकलं नाही. चार्ल्स गोरिंगने इंग्लंडमधल्या सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापं तपासून १९१३ मध्ये सांगितलं, की लोम्ब्रोझो म्हणतो तसा गुन्हेगाराचा वेगळा शारीरिक साचा नाही.

जन्मावरून गुन्हेगार ठरवायला आपल्याकडे कवटीही लागली नव्हती. लोम्ब्रोझोच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींत जन्मणं पुरेसं झालं. नावाची नोंद, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला पास, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड संसार. ज्या सरकारने दंडसंहितेत कृत्य पाहायचं ठरवलं, त्यानेच अकरा वर्षांत जात पाहायला सुरुवात केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर आधी जाणारे पोलीस अजून आहेत, आणि त्यात काही गैर न वाटणारे आपणही आहोत.

‘हा कोण?’ हा प्रश्न दोष सिद्ध झाल्यावर, त्याला माणसांत कसं परत आणायचं एवढ्यासाठीच विचारावा. त्याआधी विचारला तर तो आरोपच होतो. आणि ‘काय केलं?’ याचं उत्तर वेळेत मिळायला हवं. आज भारतातल्या तुरुंगांत चारांतले जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांचा दोष अजून ठरलेला नाही, तुरुंगवास मात्र चालू आहे.