पुसलेल्या ओळींची जबाबदारी

संगणकाचा प्रोसेसर सदासर्वकाळ एकाच गतीने धावत नाही. काम कमी असले की गती उतरते, वाढले की चढते. गती चढवायची तर सहसा व्होल्टेजही चढवावे लागते, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून हा हिशेब कुणीतरी ठेवावाच लागतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, तो 'सीपीयूफ्रेक' हा विभाग ठेवतो. गती ठरवणाऱ्या नियमांना तेथे 'गव्हर्नर' म्हणतात. (राजभवनाशी त्यांचा संबंध नाही.)

'ऑनडिमांड' हा २००४ सालचा गव्हर्नर. ठराविक काळाने जागे व्हायचे, प्रोसेसर किती वेळ कामात होता ते मोजायचे, गती ठरवायची. त्यासाठी स्वतःचे टायमर. २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीत ते टायमर गेले. कामांची वाटणी करणाऱ्या शेड्युलरला सारे आधीच ठाऊक असते, मग त्यानेच निरोप द्यावा, हा विचार. पुढच्याच आवृत्तीत शेड्युलरच्या आकड्यांवर चालणारा 'शेड्युटिल' आला.

हे सोपे करणे आम्हाला आवडते. तरी एक प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याने लिहिलेले, चालू असलेले पुसण्याचा हक्क कुणाला? वेडगळ वाटणारी एखादी अट कुणाच्या तरी जुन्या यंत्रासाठी घातलेली असू शकते. पुसणाऱ्याला ते यंत्र दिसत नाही.

वापरणाऱ्याचे चालते काम मोडू नये, हा कर्नेलवाल्यांचा कडक दंडक आहे. आतले वासे बदलले तरी दाराची कडी जागच्या जागी राहते. पण मोडले हे कळते तक्रार आल्यावरच. जो तक्रार करणे जाणत नाही, त्याचे काय?

उलट, काहीच न पुसणे हेही निर्दोष नव्हे. एकच मजकूर दोन ठिकाणी असला की चूक एकीकडे सुधारते, दुसरीकडे तशीच राहते. २००५ पासून गिटमध्ये पुसलेली ओळही लिहिणाऱ्याच्या नावासह जपली जाते. कारण मात्र त्याने लिहून ठेवले असेल तरच सापडते. तेव्हा दोष एकट्या पुसणाऱ्याच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही.

आमच्या घरी २००८ सालचा एक लॅपटॉप अजून 'ऑनडिमांड'वर चालतो. कुणी आम्हाला विचारलेले नाही, आणि आम्हीही कुणाला कळवलेले नाही.