चादर उचलण्यापूर्वी



शहपुऱ्यात आमच्या सेवागटातर्फे मी दर रविवारी अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांकडे जातो. अंग पुसणे, कुशीवर वळवणे, नखे कापणे अशी सेवा असते. एकदा अहवालासाठी मी त्यांचा फोटो काढला आणि गटावर टाकला. फाटकी बंडी, उशाशी औषधे, मागे दोरीवर ओली चादर. खाली सर्वांचे नमस्कार आले, मलाही बरे वाटले. पुढच्या रविवारी सूनबाई दारातच म्हणाल्या, “आज नको दादा, झोपलेत ते.” आतून आजोबांचा खोकला ऐकू येत होता.

पैठणला नाथमहाराजांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपात भगवंताने बारा वर्षे पाणी भरले, अशी परंपरा आहे. ही कथा आपण देवाच्या नम्रतेसाठी ऐकतो. त्या दिवशी मला तिच्यात दुसरेच दिसले. इतकी वर्षे घरात वावरूनही तो तिथली गोष्ट चारचौघांत सांगताना कुठे दिसत नाही. स्वतःचे नावसुद्धा सांगत नाही! आणि मी एका तासाच्या सेवेचा फोटो काढला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम सुरू केले. त्यासाठी गावातल्याच स्त्रियांना शिकवले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरीही आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते. बाळंतिणीच्या खोलीत पाहिलेले तिने पाणवठ्यावर सांगितले, तर तिसऱ्या खेपेला दार उघडेल का? आणि दार उघडले नाही, तर बाळाचा ताप कोणाला कळणार?

आम्हा कॉमर्सवाल्यांना शिकवतात की, अशिलाची वही बाहेर उघडायची नाही. माणसाचे अंग तर वहीहून कितीतरी नाजूक.

म्हणून कडी वाजवून थांबावे. चादर उचलण्यापूर्वी विचारावे, तेही घरच्यांना नव्हे, त्यांनाच. जेवढे पुसायचे तेवढेच उघडे, बाकी झाकलेले. खिडकी लावलेली, फोन पिशवीत. अहवालात तारीख आणि वेळ पुरते. मात्र पाठीवर जखम दिसली किंवा कोणी त्यांना छळते आहे असे वाटले, तर गप्प बसू नये. आधी त्यांच्याशी बोलावे आणि मग जो मदत करू शकेल त्यालाच सांगावे. झाकपाक करणे म्हणजे मान राखणे नव्हे.

मी फोटो काढून टाकला, गटातल्या सर्वांनाही काढायला लावला. मग जाऊन आजोबांची क्षमा मागितली. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

“फोटो काढायचाच होता,” ते म्हणाले, “तर आधी दाढी तरी करायचीस रे.”