हक की मेहेरबानी?

वर्गात उर्दू शिकवताना 'हक' हा शब्द वारंवार येतो. मुलांना आम्ही त्याचे दोन अर्थ सांगतो. एक, सत्य आणि दुसरा, अधिकार. मराठीने दुसरा अर्थ तेवढा उचलला, त्याला आणखी एक 'क' जोडला आणि 'हक्क' केला. शेतीच्या दप्तरातले असे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. खरीप, रब्बी, जमीन, मालक, कर्ज, वारस. शब्द इथले झाले, पण शेतीच्या व्यवहारात सत्य एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांस पुस्तकाने नाही, आमच्याच घराने घातला.

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या अब्बांच्या नावावर चार एकर कोरडवाहू जमीन आहे. आम्ही नोकरीमुळे तालुक्याच्या गावी राहतो. अब्बांना आता शेत होत नाही. म्हणून जमीन गावातल्याच एका माणसाला मक्त्याने दिली. मक्ता म्हणजे वर्षाची रक्कम आधीच घ्यायची, मग पीक येवो की बुडो. त्याची मुलगी आमच्याच वर्गात शिकते. वेचणीच्या दिवसांत ती शाळेला येत नाही आणि हजेरी घेताना आम्ही तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडतो.

२०२२ च्या जुलैमध्ये पाऊस असा लागला की आठवडाभर शेतात पाय ठेवता येईना. खोलगट भागातले सोयाबीन सडले, कपाशी पिवळी पडली. ऑगस्टमध्ये सरकारने कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत, मदत जाहीर केली. पंचनामा झाला. पुढे अब्बांच्या खात्यात २१ हजारांच्या वर रक्कम जमा झाली.

बियाणे त्याचे होते. खत त्याने कृषी केंद्रातून उधारीवर आणले होते. निंदण-डवरणाची मजुरी त्याच्या खिशातून गेली होती. आम्ही मक्ता पाडव्यालाच घेऊन मोकळे झालो होतो. म्हणजे पीक बुडाले त्याचे आणि भरपाई मिळाली आम्हांस. सरकारच्या लेखी त्याच्या घरी काहीच बुडाले नव्हते, कारण सरकारच्या लेखी तो शेतकरीच नव्हता.

नातेवाइकांपैकी एक जण म्हणाले, "सातबारा तुमचा, पैसा तुमचा. तो मागायला आला आहे का?"

नव्हता आला. ज्याच्याकडे कागद नाही तो कोणत्या तोंडाने मागणार?

शेतकरी कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. जो शेत कसतो तो. पण तलाठी कार्यालय, बँक, विमा कंपनी, तहसील या सगळ्यांच्या दारात उत्तर बदलते. तिथे ज्याचे नाव सातबाऱ्यावर, तो शेतकरी. पीककर्ज त्याला, कर्जमाफी त्याला, अनुदान त्याला. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपयेही जमीनधारक कुटुंबालाच. २००८ च्या कर्जमाफीत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ झाले. विदर्भातला सात-आठ एकर कोरडवाहूचा धनी, जो ओलिताच्या दोन एकरवाल्याहून गरीब असू शकतो, तो मात्र पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. ज्याने सावकाराकडून काढले होते, त्याच्या कर्जाचा तर हिशेबच नव्हता. मोजमाप कागदाचे झाले, कष्टाचे झाले नाही.

मरणातही हीच कथा. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. तो दिवस आज महाराष्ट्रात अन्नत्यागाचा दिवस म्हणून पाळला जातो. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाचे अमर हबीब यांनी ही हाक दिली. आमच्याच समाजातला एक मराठी लेखक या प्रश्नासाठी उभा राहिला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु करपेंच्या नंतर इतकी माणसे गेली की सरकारला निकष करावे लागले. २००५-०६ सालच्या निर्णयांनी मदत एक लाख ठरली. त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. अट अशी की जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि त्याचा तगादा असावा. बसले तर प्रकरण 'पात्र', नाही तर 'अपात्र'. मक्त्याने शेत करणारा, कृषी केंद्राच्या उधारीत बुडालेला माणूस गेला, तर त्याची बेवा कोणता कागद दाखवणार? नवरा गेल्याचे दुःख होतेच. त्यावर तो शेतकरी नव्हता, हेही तिला ऐकावे लागते.

यात एक विचित्र गोष्ट आहे. कूळ कायदा कसणाऱ्याच्या भल्यासाठी झाला. मुंबई कुळवहिवाट कायदा १९४८ चा, विदर्भासाठीचा १९५८ चा. 'कसेल त्याची जमीन' हे त्यामागचे स्वप्न होते आणि अनेक कुळे त्यामुळे मालक झाली. पण त्याच कायद्याच्या धास्तीने आजचा जमीनवाला मक्ता लिहून देत नाही. तोंडी बोली होते, फार तर एखाद्या वहीत टिपण. ज्याला उजेडात आणायचे होते, तोच अंधारात गेला. पीक विम्याच्या नियमांत कुळाला, बटईदाराला जागा आहे, पण करारनामा दाखवा म्हटले की जागा असून नसल्यासारखी.

उपाय नाहीत असे नाही. स्वामिनाथन आयोगाच्या अहवालांनंतर आलेल्या २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कूळ, बटईदार, शेतमजूर, सर्वांना शेतकरी म्हटले. आंध्र प्रदेशाने २०११ साली कायदा करून मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याला कर्जपात्रतेचे कार्ड देण्याची वाट काढली. ओडिशाच्या कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन मजूर आले. मालकाची भीती आणि कसणाऱ्याचा हक, दोन्ही एकाच कायद्यात सांभाळता येतात, हे यातून दिसते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना अडाणी शेतकरी दप्तर आणि कारकुनांत कसा नागवला जातो, हे दाखवले होते. आता दप्तर संगणकात गेले, इतकाच फरक.

पण सरकारला बोल लावणे सोपे आहे. आमच्या पैशाचे काय?

दोन महिने ती रक्कम खात्यात पडून होती. वर्गात ती मुलगी समोर बसे आणि आम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत असू. शेवटी अब्बांशी बोलून आम्ही निम्मी रक्कम त्याच्या हाती ठेवली. तो उठून उभा राहिला. "सर, अल्लाह तुम्हाला बरकत देवो. आजकाल असं कोण करतं?" म्हणाला. आम्ही मोठ्या समाधानाने घरी आलो.

रात्री अब्बांनी विचारले, "निम्मेच का दिले?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खोटे कशाला बोला, त्याने दिलेली दुवा आम्हांस गोड लागली होती. त्याचेच पैसे त्याला अर्धे परत दिले आणि वर उपकारकर्ते झालो. खैरात आणि अमानत यांतला भेद आम्ही मुलांना शिकवतो. खैरात दिली तर पुण्य, नाही दिली तर कोणी जाब विचारत नाही. अमानत मात्र परत करावीच लागते आणि परत केल्याबद्दल कोणी आभार मानायचे नसतात.

शेतकऱ्याबाबत सगळीकडे हेच चालले आहे, असे आम्हांस वाटते. जो हक आहे, तो मेहेरबानी म्हणून दिला जातो. उशिरा, अर्धा, फोटो काढून. घेणाऱ्याने हात जोडावेत, ही अपेक्षा असते. मग तो मागणारा ठरतो आणि आपण दाते. धोरणाचे पहिले अपयश रकमेत नसते, या उलटापालटीत असते.

सातबारा तरी सत्य सांगतो का? त्यावर आमच्या फुफीचे नाव नाही. तिने हक्कसोड लिहून दिली, ईदला साडीचोळी घेतली आणि बात संपली. शरीअत तिचा वाटा मानते. आम्हीच मानला नाही. तेव्हा सरकारी कागदाला नावे ठेवण्याआधी आमच्या घरचा कागद तपासावा लागेल.

उरलेली निम्मी रक्कम आम्ही पुढल्या वर्षीच्या मक्त्यात वळती करून दिली. करारनामा मात्र अजून लिहिलेला नाही. अब्बा म्हणतात, "लिहून टाक." आमचा हात अडतो. मुलांना 'हक' या शब्दाचे दोन अर्थ सांगणाऱ्या मास्तरला तो कागद लिहिण्याची भीती वाटते, ही कबुली देऊनच हा लेख थांबवणे प्रामाणिकपणाचे होईल.