गळती नेमकी कुठून?

गाडीखालच्या फरशीवर काळपट डाग दिसला की मालक लगेच इंजिनाच्या तळाकडे बोट दाखवतो: चेंबर गळतंय, पॅकिंग बदला. अनुभवी मिस्त्री आधी वर बघतो. तेल उताराने खाली येतं आणि धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं तेल ब्लॉकच्या अंगावरून ओघळत पार बेल हाउसिंगशी ठिबकू शकतं. तिथे ते पाहून क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं असं ठरवलं, तर गिअरबॉक्स उतरवण्याचा सगळा खटाटोप फुकट.

दिसणाऱ्या परिणामावरून न दिसणाऱ्या कारणापर्यंत पोहोचायचं कसं, हा न्यायदर्शनातला फार जुना प्रश्न. गौतमाच्या सूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने नदीचं उदाहरण दिलं: नदी दुथडी भरून वाहतेय, तेव्हा वर पाऊस झाला असणार. सूत्रांतच यावर आक्षेप नोंदवला आहे. प्रवाह कुठे अडला, तरी पाणी चढतंच की! भाष्यातलं उत्तर फार सुरेख आहे. नुसत्या चढलेल्या पाण्यावरून काहीच ठरत नाही. ओढ वाढलेली, फेस दाटलेला, फळं-पानं-लाकडं वाहत आलेली, असं पाणी असेल तरच पावसाचं अनुमान टिकतं.

गॅरेजमध्येही हीच शिस्त लागते. डिग्रीझरने इंजिन धुऊन कोरडं करायचं, गाडी चालवायची, मग ओल सर्वांत वर नि सर्वांत पुढे कुठे उमटते ते शोधायचं. तरी पत्ता लागला नाही, तर तेलात खास रंग मिसळून अतिनील दिवा धरायचा; गळतीचा माग लख्ख उजळतो. जुना चिकटा तसाच ठेवून पॅकिंग बदलणारा नुसत्या चढलेल्या पाण्यावर भरवसा ठेवतो.

भाष्याची सुरुवात मोठी धीट आहे: ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळली, तर ते प्रमाण सार्थ.

इथे मात्र जरा थांबायला हवं. पीसीव्ही व्हॉल्व्ह गाळाने तुंबला की क्रँककेसमधला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर रेटलं जातं. नवं सील बसवलं, गळती थांबली, कृती फळली. दाब तसाच राहिला तर काही काळाने तेल दुसऱ्या सांध्यातून वाट काढतं. सील गेलं होतं हे खरंच, पण कारण तेवढ्यावर संपत नव्हतं. म्हणून सील बदलताना व्हॉल्व्ह काढून बघणं आणि गाडी काही दिवस पळाल्यावर पुन्हा खालून दिवा मारणं, हेही अनुमानातच मोडतं.