बाकीच्यांचा संघ

१९३७ साली मुंबईच्या क्रिकेटमध्ये एक पाचवा संघ दाखल झाला. त्याचे नाव 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. युरोपियन आणि पारशी यांच्यात एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला, १९१२ मध्ये मुसलमानांचा आला. तिरंगी स्पर्धेची चौरंगी झाली आणि शेवटी पंचरंगी. ज्यांना या चार घरांत जागा नव्हती, त्या ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध अशा सर्वांची मोट पाचव्या संघात बांधली गेली. सांगलीत जन्मलेले, मराठी ख्रिस्ती घरातले विजय हजारे याच संघाकडून खेळले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध दुसऱ्या डावात 'बाकीच्यां'च्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. धाकटे बंधू विवेक यांनी दुसरे टोक धरून ठेवले. दोघांच्या ३०० धावांच्या भागीदारीत त्यांचा वाटा होता २१ धावांचा. सामना 'बाकीचे' हरलेच. तरीही आपल्या समाजातल्या जुन्या मंडळींच्या मनात तो डाव घर करून राहिला, यात नवल नाही.

आम्हांला मात्र त्या डावापेक्षा त्या नावाचे कोडे अधिक छळते. स्पर्धा वाढली, पाचव्यांना दार उघडले, हे चांगलेच झाले. पण आत घेताना त्यांना स्वतःचे असे नाव दिले गेले नाही. ते कोण आहेत यापेक्षा ते कोण नाहीत, हीच त्यांची ओळख ठरली. एखादी स्पर्धा 'विस्तारते' तेव्हा नेमके काय विस्तारते? माणसांना आपले म्हणण्याची वृत्ती, की तिकीट काढणाऱ्यांची रांग? पंचरंगीच्या पहिल्याच वर्षी हिंदू संघाने माघार घेतली. कारण होते नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या आसनांच्या वाटपाचे. ज्या वर्षी दार रुंद झाले, त्याच वर्षी खुर्च्यांवरून भांडण झाले, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

१९४० च्या डिसेंबरात या स्पर्धेविषयी विचारायला हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे गेली होती. जातधर्मांचे संघ गांधीजींना मान्य नव्हते. महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे अकरा-अकरांचे तुकडे पाडण्याचे कारण आपल्याला कधी उमगले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. महाविद्यालय हा त्यांना निष्पाप घटक वाटला. मुले एका वर्गात बसतात, एकत्र शिकतात, शेजारच्या महाविद्यालयाशी खेळतात. त्यात कोणाचे काय बिघडणार?

या प्रश्नाला उत्तर अमेरिकेने दिले आहे. तिथली महाविद्यालये आपापसांत सामने खेळण्यासाठी गट करतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. मुळात हे गट शेजाराचे होते. आगगाडीने जाऊन सामना खेळावा आणि सोमवारी वर्गात हजर राहावे, इतक्या अंतरावरचे. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली आणि ज्याने त्याने वाहिन्यांशी आपापला सौदा करावा, अशी वाट खुली झाली. पुढच्या चाळीस वर्षांत शेजार विरघळत गेला. 'बिग टेन' या गटाने २०२२ मध्ये वाहिन्यांशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला. २०२४ पासून या 'टेन'मध्ये अठरा संघ आहेत आणि त्यांत पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची लॉस एंजलिसची विद्यापीठेही आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कली हीसुद्धा पॅसिफिककडचीच, पण ती जाऊन बसली 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या गटात. भूगोलाच्या परीक्षेत असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला गुरुजींनी बाकावर उभे केले असते. १९१५ पासून चालत आलेल्या पश्चिम किनाऱ्याच्या गटात शेवटी दोनच विद्यापीठे उरली. त्यांचा दोष एवढाच, की त्यांची गावे लहान आणि त्यांना पाहणारे डोळे थोडे.

यात कॅथलिक विद्यापीठे कुठे होती, हे आपण विचारायला हवे. 'बिग ईस्ट' हा गट १९७९ मध्ये बास्केटबॉलसाठी उभा राहिला. जॉर्जटाऊन, प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स अशा कॅथलिक संस्था त्याच्या मुळाशी होत्या. पुढे फुटबॉलच्या पैशापायी त्यात दूरदूरच्या संस्था शिरल्या, जुन्या निघून गेल्या आणि गटाला स्वतःचा चेहरा उरला नाही. तेव्हा, २०१२ च्या डिसेंबरात, सात कॅथलिक संस्थांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि २०१३ मध्ये त्याच नावाने आपला गट पुन्हा बांधला. आपल्यासारख्यांशी खेळावे, बास्केटबॉलपुरते राहावे, हा त्यांचा विचार आम्हांला आवडतो. पण त्यांनीही लगेच एका वाहिनीशी दीर्घ मुदतीचा करार केला, हेही नमूद केले पाहिजे. आणि नोत्र दाम विद्यापीठ तर १९९१ पासून आपले घरच्या मैदानावरचे फुटबॉल सामने एकट्याच्या बळावर एका मोठ्या वाहिनीला विकत आले आहे. पवित्र मरियेचे नाव धारण केल्याने हिशेबाच्या वहीतून सुटका होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, हे त्या निकालाचे सूत्र. सरकारची मक्तेदारी त्याने मान्य केली नाही. पण लहरी जनतेच्या असल्या तरी त्यांवरून वाहणाऱ्या पैशाने जनतेला विचारून वळण घेतले नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. त्याआधी २०२२ मध्ये संघ आठाचे दहा झाले होते. त्यांतला लखनौचा संघ ७,०९० कोटींना विकला गेला.

पैसा वाईट, असे सरसकट म्हणून आम्हांला मोकळे व्हायचे नाही. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पुरेसे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्या दारिद्र्यात काही पावित्र्य होते, असे ज्याला वाटते त्याने ते स्वतःच्या मुलासाठी मागावे. कबड्डीचेही तसेच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू १२ लाख ८० हजारांना गेला. २०२३ च्या लिलावात हा आकडा २ कोटी ६० लाखांवर पोहोचला. तांबड्या मातीत गुडघे सोलून घेणाऱ्या मुलांच्या घरांवर त्यामुळे स्लॅब पडला असेल, तर आम्हांला आनंदच आहे. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, 'करा किंवा मरा' चढाई आली, आठाचे बारा संघ झाले. दम किती टिकतो हे छाती ठरवीत असे, तिथे आता घड्याळाचाही शब्द चालतो. तेही एक वेळ चालेल.

चालणार नाही ते वेगळेच आहे. पाहणाऱ्यांची संख्या हे माणसाच्या श्रमाच्या मोलाचे माप मानले जाऊ लागले आहे. हे माप आपल्या नाशिक जिल्ह्याला लावून पाहा. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ रोइंगसाठी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या चौघांत होते. दहा हजार मीटरची शर्यत अर्ध्या तासाहून अधिक चालते; तिच्यात मध्येच जाहिरात घालता येत नाही आणि षटकार मारता येत नाही. मग तिचे मोल कमी? दुष्काळी तालुक्यातल्या मुलाने वल्हे हाती धरण्याचे मोल कोणत्या वाहिनीच्या दरपत्रकात बसते?

त्याच नाशिकचे नाव २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमधल्या एका संघाला मिळाले, आणि त्याच्याही आधी पुरस्कर्त्याचे नाव लागले. सहाही संघांचे सामने झाले पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर. त्या खेळाडूंच्या मेहनतीविषयी आम्हांला काही उणे बोलायचे नाही. पण गावाचे नाव गावाच्या मैदानावाचून फिरते, तेव्हा ते पत्ता असण्याऐवजी चिठ्ठी होते. इकडे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना होतो, तेव्हा सायकल भिंतीला टेकवून दोन षटके पाहून कामाला जाणारा माणूस त्या सामन्याचा भाग असतो. त्याची गणना कोणत्याही करारात होत नाही.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. नाशिककरांना तो समजावून सांगावा लागू नये. छाटणीच्या दिवसांत नाक्यावर उभे असलेले मजूर आपण रोज पाहतो. दुपारी पाचपर्यंत ज्यांना कोणी बोलावले नाही त्यांनाही मळ्याचा धनी दिवसभराचा रोज देतो, आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. त्यांची कुरकुर हिशेबाने बिनतोड आहे. धन्याचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे: या माणसालाही आज घरी चूल पेटवायची आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आनुस' या विश्वपत्रात बाजाराची उपयुक्तता मान्य करूनच बजावले आहे, की काही मानवी गरजा बाजार भागवू शकत नाही आणि काही गोष्टी स्वभावतःच खरेदी-विक्रीच्या नसतात. त्याआधी १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी दुसरे तत्त्व मांडले होते: जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. एखाद्या तालुक्याची स्पर्धा, दोन महाविद्यालयांची जुनी चुरस, ही अशीच लहान कामे आहेत. ती बंद पडावीत असे कोणी ठरवत नाही. पैसा वर चढतो, मैदानाची तारीख वर जाते, प्रशिक्षक वर जातो, आणि खाली गवत वाढते.

यावर 'काळाचा ओघ आहे, कोण अडवणार' असे उत्तर तयार असते. आम्हांला ते पटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा पंचरंगीतच सापडते. त्या काळी रणजी स्पर्धेपेक्षा पंचरंगीला कितीतरी अधिक गर्दी होत असे आणि तिची कमाईही मोठी होती. तल्यारखान यांच्या रेडिओवरच्या धावत्या वर्णनाने ती घराघरांत पोहोचली होती. तरी १९४६ मध्ये ती बंद झाली. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता आणि राजकारणाचा रेटा मोठा होता, हे खरे. पण चालती, गाजती, पैसा देणारी स्पर्धा लोकांनी मोडली आणि ओस पडणारी रणजी ठेवली, हेही तितकेच खरे. त्या निर्णयाची किंमत 'बाकीच्यां'नी मोजली, त्यांचे एक हक्काचे व्यासपीठ गेले. पण हजारे त्यानंतर भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

हा सगळा विचार दूरच्या विद्यापीठांसाठी नाही. आता गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात आणि त्यांच्यासाठी मुलांचे लिलाव होतात. काही धर्मग्रामांच्या सभागृहांतही हे लोण आले आहे. फळ्यावर नावे, हातात पाट्या, पैशाऐवजी गुण, आणि ध्वनिवर्धकावर बोली. गंमत म्हणून चालते, असे आयोजक सांगतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. चर्चच्या छपरासाठी, तरुणांच्या शिबिरासाठी निधीही जमतो. पण त्या सभागृहात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसलेला असतो. रविवारी तो वेदीसेवक असतो. त्याचे नाव पुकारले जाते, कोणी पाटी वर करीत नाही, पुन्हा पुकारले जाते, आणि मग निवेदक हसत हसत 'अनसोल्ड' म्हणून पुढच्या नावाकडे वळतो. त्याची आई स्वयंपाकाच्या बाजूला चहाचे कप भरत असते आणि तिला ते ऐकू येते. पुढच्या स्पर्धेची बैठक बोलावली जाईल तेव्हा संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत की बोली लावून, हा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावा, एवढी आमची धर्मग्रामांच्या तरुण मंडळांना विनंती आहे.